धावणाऱ्याच्या मनगटावरील घड्याळ

धावणाऱ्या माणसास दोनच गोष्टींचा हिशेब हवा असतो : अंतर किती कापले आणि वेळ किती लागला. हा हिशेब मांडण्याची साधने काळानुसार पालटत आली, आणि आज ती सारी एका मनगटी घड्याळात येऊन सामावली आहेत. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात निमोणे हे गाव आहे. शिरूर-दौंड भागातील अशा गावांतून पोलीसभरतीची वा सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण पहाटे रस्त्याने धावतात. त्यांच्या दृष्टीने हे घड्याळ केवळ हौसेची वस्तू नव्हे. ते एका दिवसात कोणी कल्पून काढलेले नाही. वापरणाऱ्याने उणीव दाखवावी आणि कारागिराने ती भरून काढावी, अशा क्रमाने ते घडत आले. तो क्रम ध्यानी घेतला म्हणजे आज त्यात काय उणे आहे, हेही उमगते.

जुन्या कालगणनेत घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ सेकंदाच्या दोन-पंचमांश एवढे असे. लग्नाची वेळ साधण्यास पाण्यावर सोडलेले घटिकापात्र पुरत असे. विपळ मात्र ज्योतिष्याच्या गणितातच राहिले. अंतराचीही गत तीच. कोस प्रांतोप्रांती निराळा, आणि पायी प्रवास मजलांनी मोजला जाई. पायाने अंतर मोजण्याचे शास्त्र किती कष्टाचे होते, हे पंडित नैनसिंग रावत यांच्या प्रवासावरून दिसते. सर्वेक्षण खात्याच्या गुप्त कामगिरीवर ते १८६५-६६ साली तिबेटात ल्हासापर्यंत गेले. पाऊल नेहमी सारख्याच लांबीचे पडावे, याचा त्यांनी अभ्यास केला होता. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवून, दर शंभर पावलांस ते एक मणी ओढीत. त्यांच्या दोन हजार पावलांचा एक मैल होई. म्हणजे एक माळ पुरी झाली की दहा हजार पावले, अर्थात पाच मैल. पुढे १९६५ साली जपानात जे पाऊलमापक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचा अर्थही 'दहा हजार पावलांचे माप' असाच होता. आजची घड्याळे रोज दहा हजार पावलांचा जो आग्रह धरतात, त्याचे मूळ त्या जपानी नावात आहे.

महाराष्ट्रात वेळ व अंतर यांच्या हिशेबास सार्वजनिक महत्त्व आले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यामुळे. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. १९१९ च्या सुमारास तेथील शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील मुले त्यांनी पाहिली. त्या मुलांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहता येण्याजोग्या आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले, आणि त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा चमू गेला. कोणतीही शिफारस पाठीशी नसलेल्या मुलांची योग्यता घड्याळाच्या काट्याने सिद्ध केली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. परंतु हा आकडा आजच्या आकड्यांशेजारी सरळ मांडणे न्यायाचे होणार नाही. मॅरेथॉनचे अंतर तेव्हा कायमचे ठरलेले नव्हते, ४२.१९५ किलोमीटर हे माप १९२१ साली निश्चित झाले. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा, म्हणजे ५५५ मीटर अधिक होता. चौगुले यांची चाल किलोमीटरास चार मिनिटांहून किंचित कमी पडते. त्याच चालीने आजचे अंतर धरले, तर त्यांची वेळ सुमारे सव्वादोन मिनिटांनी कमी होते. अंतर अचूक ठाऊक नसेल तर अचूक वेळेसही अर्थ उरत नाही, हा धडा यात आहे. स्टॉपवॉच वेळ सांगे, अंतर सांगत नसे. आणि नेमकी हीच उणीव पुढे उपग्रहांनी भरून काढली.

स्थान आणि घड्याळ यांचे नाते मात्र उपग्रहांहून पुष्कळ जुने आहे. भर समुद्रात रेखांश काढता यावा म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटाने १७१४ साली २०,००० पौंडांपर्यंतचे इनाम लावले, आणि जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने अचूक घड्याळ बनवून तो प्रश्न सोडविला. जीपीएसचे तत्त्वही घड्याळाचेच आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील प्रत्येक उपग्रह आपल्या आण्विक घड्याळाची वेळ सतत प्रक्षेपित करतो. तो संदेश सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर वेगाने येतो. त्यास किती विलंब लागला, यावरून अंतर निघते. सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तरी स्थान ३०० मीटरने ढळते. मनगटावरील घड्याळ इतके अचूक नसते, म्हणून स्थानासाठी तीन उपग्रह आणि त्या घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा, असे किमान चार उपग्रह लागतात.

अमेरिकेने या मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडला व १९९५ साली योजना पूर्णत्वास गेली. परंतु सामान्य जनांसाठीचा संदेश बुद्ध्याच बिघडवून दिला जात असे, त्यामुळे सुमारे शंभर मीटरपर्यंत चूक होई. कॅसिओ या जपानी कंपनीने १९९९ साली जीपीएसचे पहिले मनगटी घड्याळ काढले खरे, पण धावणाऱ्यास असल्या चुकीचा उपयोग काय? मे २००० मध्ये तो बिघाड काढून घेण्यात आला, आणि २००३ साली गार्मिन कंपनीचे खास धावपटूंसाठीचे घड्याळ बाजारात आले. नाडीचे ठोके मोजणारा बिनतारी छातीपट्टा फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ सालीच काढला होता. पुढे दोन्ही साधने एकत्र झाली.

यानंतर उणिवा दाखविण्याचे काम वापरणाऱ्यांकडे आले. दाट झाडीत व उंच इमारतींमध्ये संदेश परावर्तित होऊन अंतर चुकते, ही पहिली तक्रार. तिचे उत्तर म्हणून आता काही घड्याळे दोन निरनिराळ्या वारंवारतांवर संदेश घेतात. उपग्रहावरून काढलेली उंची घाटात भरवशाची नसते, ही दुसरी. साताऱ्यास २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन भरते. तेथे चढ किती झाला हे हवेच्या दाबावरून मोजणारे घड्याळच नीट सांगते. बॅटरी लवकर संपते, घामेजल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून साध्या कळा ठेवाव्यात, कडक उन्हात आकडे दिसावेत, मनगटावरील हिरव्या प्रकाशाने मोजलेली नाडी हात हलताना चुकते ती सुधारावी, या मागण्या त्यामागोमाग आल्या. यांतील एकही मागणी चैनीची नाही.

शिरूरच्या तरुणास हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे साध्या त्रैराशिकाने कळेल. महाराष्ट्र पोलीसभरतीत शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धावण्यास आहेत, आणि थोड्या सेकंदांच्या फरकाने गुण उतरतात. सेकंदाला पाच मीटर या चालीने १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत होतात. घड्याळाने शेकडा दोन एवढे अंतर वाढवून दाखविले, तर सरावात मुलगा ३२ मीटर कमी धावतो आणि आपली वेळ सहा सेकंदांनी चांगली आहे, अशा भ्रमात मैदानावर जातो. घड्याळाचे खोटे तेथे उघडे पडते. त्याची किंमत मात्र मुलास मोजावी लागते.

नोंदी कोणाच्या, हाही प्रश्न आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा कंपनीने प्रसिद्ध केलेल्या धावण्याच्या नकाशावरून लष्करी ठाण्यांच्या जागा उघड झाल्याचे ध्यानात आले. जुलै २०२० मध्ये गार्मिनवर सायबर हल्ला होऊन तिच्या सेवा काही दिवस बंद पडल्या. घड्याळाने आपली वही आपल्यापाशी राखावी आणि धन्याच्या अनुमतीवाचून ती कोणास दाखवू नये, ही मागणी तेव्हापासून बळावली.

स्वदेशी संदेशाची मागणीही अशीच. भारताने १ जुलै २०१३ रोजी पहिला दिशादर्शक उपग्रह सोडला. २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा गेला व योजनेस 'नाविक' हे नाव मिळाले. पुढे पहिल्या उपग्रहातील तिन्ही आण्विक घड्याळे बंद पडली. ही घड्याळे परदेशी होती. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसविले, आणि मनगटी घड्याळे ज्या एल-१ पट्ट्यावर मुख्यतः चालतात, तो पट्टाही त्यात प्रथमच दिला. जानेवारी २०२५ मधील पुढचा उपग्रह मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. काम अपुरे आहे, परंतु दिशा योग्य आहे.

एक मागणी अद्याप मोठ्याने मांडली गेलेली नाही : स्वस्ताई आणि आपली लिपी. एचएमटीने एके काळी देवनागरी अंकांच्या तबकडीची घड्याळे काढली होती. शेतकऱ्याच्या मुलास परवडेल असे आणि त्याच्या आईसही वाचता येईल असे धावघड्याळ निघाले, तर त्याचा उपयोग शहरातील हौशी मंडळींपेक्षा खेड्यात अधिक होईल. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांचे सुवर्णपदक २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अवघ्या ०.०५ सेकंदाने, म्हणजे विपळाच्या अष्टमांशाने हुकले. खेड्यातील मुलांची झेप आता एवढ्या सूक्ष्म मापापर्यंत पोहोचली आहे. त्यांच्या हातातील साधनानेही तेथवर आले पाहिजे.

तोपर्यंत शहाणपणाचा मार्ग एकच. मोजलेल्या ४०० मीटर मैदानाच्या अगदी आतल्या पट्टीतून चार फेऱ्या घालाव्यात, घड्याळ किती अंतर दाखविते ते वहीत टिपावे, आणि जो फरक पडेल तो पुढच्या प्रत्येक सरावात वजा करावा. घड्याळाने माणसाची परीक्षा घेण्यापूर्वी माणसाने घड्याळाची एकदा घेतलेली बरी.