जुन्या घरांतील वीजबचत आणि कार्बन उत्सर्जन

देशातील निम्म्याहून अधिक वीज आजही कोळशापासून निर्माण होते. त्यामुळे घरात वाचलेले प्रत्येक युनिट सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टाळते. केंद्र सरकारची २०१८ ची ‘इको निवास संहिता’ प्रामुख्याने नव्या निवासी इमारतींसाठी आहे. आधीच उभ्या असलेल्या घरांत मात्र बचतीचा मार्ग उपकरणे आणि छत यांतूनच जातो.

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. २००६ मध्ये ब्युरोने उपकरणांचे तारांकन सुरू केले. २०१५ मध्ये आरंभ झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले.

दिव्यांनंतर पंख्यांचा क्रम लागतो. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅट, तर बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट वीज घेतो. रोज १२ तास आणि वर्षातील ३०० दिवस वापर धरल्यास एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात, म्हणजेच सुमारे ११० किलो उत्सर्जन टळते.

सर्वांत वरच्या मजल्यावरील तसेच पत्र्याच्या घरांत उष्णता मुख्यत्वे छतातून येते. छताला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग दिल्यास ती कमी होते. अहमदाबाद शहराने २०१७ मध्ये आपल्या उष्णता कृती आराखड्यात अशा छतांचा समावेश केला. वातानुकूलन न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी हा केवळ वीजबचतीचा नव्हे, तर उन्हाळ्यात आरोग्य सांभाळण्याचाही प्रश्न आहे.