सकाळचं पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ? घरी काय करायचं, दवाखाना कधी गाठायचा

गास (ता. वसई) : पहाटे उठून पाय जमिनीला टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. भिंतीला धरून दहा-वीस पावलं टाकली की जरा मोकळं होतं. दिवस कसाबसा निघतो. दुपारी जेवायला बसून पुन्हा उठायला गेलं की तीच कळ परत हजर.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गास, निर्मळ, भुईगाव, वाघोली या बाजूला, हे दुखणं नवं नाही. पहाटे वाडीत भाजी-फुलं काढायची, पाटी उचलून नालासोपारा स्टेशन गाठायचं, लोकलमध्ये उभं राहून मुंबईला जायचं आणि तिथं फरशीवर नाहीतर फुटपाथवर तासन् तास विकायला थांबायचं. हे सगळं टाचेवर येतं. टाच धरली की बाजार बुडतो, आणि बाजार बुडला की त्या दिवसाची कमाईही गेली. म्हणून बरेच जण दुखणं अंगावर काढतात. तसं करू नये. हे दुखणं बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण त्याला रोजची थोडी मेहनत आणि धीर लागतो.

नेमकं दुखतं काय?

टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. धनुष्याला दोरी असावी तसा तो पायाची कमान ताणून धरतो. प्रत्येक पावलाला त्याच्यावर ताण येतो. झेपण्यापेक्षा जास्त ताण रोजच यायला लागला की टाचेच्या हाडाला तो जिथं चिकटतो तिथं झिजतो आणि दुखायला लागतो. डॉक्टर याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. आयुर्वेदात टाचेच्या अशा दुखण्याला वातकंटक असं नाव आहे.

रात्री झोपेत पाऊल सैल पडलेलं असतं, त्यामुळे हा पट्टा आखडतो. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की तो एकदम ताणला जातो, म्हणून पहिलीच कळ सगळ्यात मोठी. चालून तो सैल झाला की दुखणं कमी होतं. दुखरी जागाही ठरलेली असते : टाचेच्या तळाला, आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबलं की ओरडायला होतं.

कुणाला जास्त होतं?

चाळिशी ते साठीच्या वयात याचं प्रमाण जास्त. आयुष्यात कधी ना कधी साधारण दहातल्या एकाला हे होतं. कारणं अशी :

- कडक फरशीवर, सिमेंटवर खूप वेळ उभं राहणं
- वाढलेलं वजन
- पोटरीच्या आखडलेल्या शिरा
- सपाट तळवा किंवा फार उंच कमान
- पातळ, झिजलेली चप्पल
- एकदम वाढवलेलं चालणं, म्हणजे कधी न चालणाऱ्यानं एके दिवशी पाच किलोमीटर मारणं

'हाड वाढलंय' म्हणजे काय?

एक्स-रे काढला की टाचेखाली काट्यासारखं हाड दिसतं आणि घरात घबराट होते. 'हाड वाढलंय, आता कापावं लागणार', अशी चर्चा सुरू होते. पण असा काटा टाच न दुखणाऱ्या कित्येक माणसांच्या एक्स-रेमध्येही दिसतो, आणि टाच दुखणाऱ्या कित्येकांना तो नसतो. दुखणं काट्याचं नसून पट्ट्याचं असतं. काटा तसाच राहूनही दुखणं जातं. त्यामुळे नुसतं हाड वाढलंय म्हणून कुणी ऑपरेशनला घाई करत असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

घरी करायचे चार व्यायाम

1. अंथरुणातच : पाय खाली टेकवण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पायाची बोटं हातानं नडगीच्या दिशेनं मागं ओढा. तळव्याखालचा पट्टा दोरीसारखा ताणलेला हाताला लागतो. 10 आकडे मोजेपर्यंत धरा, मग सोडा. असं 10 वेळा. दिवसातून 3 वेळा करा, पण सकाळचं चुकवू नका.

2. भिंतीला टेकून : दोन्ही हात भिंतीवर, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढे झुकलं की पोटरीला ताण येतो. 30 सेकंद धरा, 3 वेळा करा.

3. बाटली फिरवणं : छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा. थोडी रिकामी ठेवा, बर्फ झाल्यावर पाणी फुगतं. कपडा गुंडाळून ती तळव्याखाली 10 ते 15 मिनिटं पुढे-मागे फिरवा. बाजारातून आल्यावर याचा चांगला आराम मिळतो.

4. पायरीवर टाच उचलणं : टॉवेलची गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवा, बोटं तिच्यावर टेकवा, हातानं आधार धरा. 3 मोजत टाचा वर, 2 मोजेपर्यंत थांबा, 3 मोजत खाली. 12 वेळा झालं की थोडं थांबून पुन्हा, असे 3 फेरे. सुरुवातीला दोन्ही पायांवर करा. नंतर झेपेल तसं एका पायावर. हा व्यायाम दिवसाआड. यानं पट्टा नुसता सैल होत नाही, मजबूतही होतो.

व्यायामानं थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं राहिलं तर प्रमाण कमी करा. दोन दिवसांत गुण येत नाही म्हणून सोडून देऊ नका, फरक कळायला काही आठवडे जातात.

विटेचा शेक, रुईचं पान

गावाकडे वीट तापवून, तिच्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकायची पद्धत आहे. शेकानं आखडलेला पाय मोकळा होतो आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मूळ दुखणं नुसत्या शेकानं जात नाही. शेक घ्यायचाच तर कोमट पाण्याचा घ्यावा. रुईच्या चिकानं कातडीची आग होते, आणि तो डोळ्यात गेला तर इजा होते.

ज्यांना साखर, म्हणजे मधुमेह आहे त्यांनी वीट, गरम पाणी, डाग देणं आणि बर्फ या सगळ्यापासून लांबच राहावं. साखरेनं पायाची जाणीव कमी होते. भाजलेलं कळत नाही, जखम चिघळते आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. टाचदुखीनं पाय जात नाही, अशा जखमेनं जातो.

चपलेकडे बघा

पातळ हवाई चप्पल टाचेला काहीच आधार देत नाही. चप्पल हातात घेऊन मधोमध दुमडून बघा. कागदासारखी दुमडत असेल तर ती बदला. टाचेखाली जाड, मऊ तळ आणि पुढच्या भागापेक्षा टाच दोन-तीन सेंटिमीटर उंच, अशी चप्पल किंवा बूट घ्यावा. महागडाच हवा असं नाही. मेडिकल दुकानात टाचेखाली ठेवायचे सिलिकॉनचे कप मिळतात, तेही चालतात. एका पायाला दुखत असलं तरी कप दोन्ही पायांत घाला.

घरात लादीवर अनवाणी फिरणं काही महिने बंद ठेवा, घरातली वेगळी चप्पल करा. पावसात वाडीत गमबूट घालायचा तर त्याचा तळ आतून सपाट आणि कडक असतो, त्यात मऊ तळवा टाकून घ्या.

धंदा न बुडवता काय बदलता येईल?

पूर्ण विश्रांती प्रत्येकाला परवडत नाही आणि तिची गरजही नसते. ताण कमी करायचा, एवढंच. विकायला बसताना जमिनीऐवजी छोटं स्टूल घ्या. उभं राहायचंच असेल तर पायाखाली जाड पुठ्ठा किंवा रबरी चटई टाका. एक मोठी पाटी नेण्यापेक्षा ओझं दोघांत वाटून घ्या, नाहीतर स्टेशनपर्यंत रिक्षात टाका. सकाळी चालायला जाणाऱ्यांनी अंतर निम्मं करावं आणि डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट धरावी. बसून उठण्याआधी पाऊल दहा-पंधरा वेळा वर-खाली हलवा, मगच भार द्या.

वजन जास्त असेल तर थोडं कमी केल्यानंही टाचेचं ओझं हलकं होतं.

गोळी, इंजेक्शन, ऑपरेशन

दुखण्याची गोळी मेडिकलमधून आणून रोज घेऊ नये. पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास, बीपी, किडनीचं दुखणं असलेल्यांना ती महागात पडते. डॉक्टरांनी सांगितली तर थोडे दिवसच घ्यावी.

टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की बहुतेकांना काही आठवडे आराम पडतो, पुढे दुखणं परत येऊ शकतं. पुन्हा पुन्हा घेतलं तर तळव्याचा पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची नैसर्गिक गादी झिजण्याचा धोका असतो. म्हणून व्यायाम आणि चप्पल हे दोन उपाय नीट करून झाल्याशिवाय इंजेक्शनची घाई नको. फिजिओथेरपिस्टकडून टेपिंग, रात्री पाऊल सरळ धरून ठेवणारा पट्टा, शॉक वेव्ह असे उपायही आहेत. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते आणि तीही सहा महिने ते वर्षभर बाकीचे उपाय करून गुण न आल्यावर.

यातलं काही असेल तर थांबू नका

- टाच लाल, गरम, सुजलेली किंवा सोबत ताप
- पडल्यावर, उडी मारल्यावर दुखायला लागलं आणि भार देता येत नाही
- चालताना 'कट्' असा आवाज होऊन एकदम जोरात कळ आली
- तळव्याला मुंग्या, बधिरपणा, आग
- रात्री पडून असतानाही दुखणं
- तरुण वयात दोन्ही टाचा दुखणं आणि सकाळी कंबरही आखडणं. हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो
- साखर असलेल्या माणसाच्या पायाला कुठलीही जखम

आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांची टाच मागच्या बाजूला दुखते, ते वाढीच्या वयातलं वेगळं दुखणं आहे. टाचेच्या भेगाही वेगळ्या. त्यांना हे व्यायाम लागू नाहीत.

टाच दाखवायला दवाखान्यात जाल तेव्हा साखर आणि बीपीही तपासून घ्या. तिशीनंतरच्या सगळ्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. टाच दाखवायला गेलेल्या माणसाला साखर असल्याचं तिथंच पहिल्यांदा कळलं, असं होऊ शकतं.

नीट काळजी घेतली तर दहातल्या आठ-नऊ जणांची टाच सहा महिने ते वर्षभरात बरी होते. वेळ लागतो हे आधीच मनाशी धरावं. दुखायचं थांबलं तरी चांगली चप्पल आणि सकाळी अंथरुणातलं ते ताणणं सोडू नये, म्हणजे हे दुखणं परत उंबरा ओलांडत नाही.