तबकडीवरचा दुसरा क्रमांक

ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवर बहुधा दोन क्रमांक सापडतात. एक कागदी लेबलवर छापलेला, तो विक्रीसाठी. दुसरा लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात उमटलेला. तो मॅट्रिक्स क्रमांक. इतिहासाच्या अभ्यासकाला हा दुसरा क्रमांक अधिक मोलाचा वाटतो. असे का, ते पाहू.

सुरुवातीच्या काळात गायक भोंग्यासमोर गात असे आणि मेणाच्या चकतीवर खाचा उमटत. त्या मेणावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून साचा करीत. मग लाख आणि दगडाची भुकटी यांच्या मिश्रणातून त्या साच्याने तबकड्या दाबीत. क्रमांक मुळातच घातलेला असल्याने तो प्रत्येक प्रतीवर उतरे. लेबल मात्र दर वेळी नव्याने छापता येई. म्हणून लेबल वेगळे पण मॅट्रिक्स क्रमांक तोच, तर गायन तेच. लेबल तेच पण मॅट्रिक्स वेगळा, तर गायन बहुधा दुसऱ्या वेळचे. एकच बंदिश दोनदा गायली तर ती दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रणे होत.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात ध्वनिमुद्रणे केली. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे दाबल्या जात. गाणे संपताच गायिका आपले नाव मोठ्याने सांगत, ते आजही ऐकू येते. भाषा न जाणणाऱ्या कारागिरांना त्याचा उपयोग होई, असे सांगतात. १९०८ मध्ये सियालदह येथे कारखाना निघाल्यावर तबकड्या भारतात तयार होऊ लागल्या.

या साऱ्याची शिस्तबद्ध यादी करण्याचे काम बरेच उशिरा झाले. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाची १८९९ ते १९०८ या काळातील ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. त्याआधी, १९९० मध्ये, मुंबईत संग्राहकांची संस्था स्थापन झाली होती. तिचे काम पाहणारे सुरेश चांदवणकर हे भौतिकशास्त्राचे संशोधक.

हे काम किती निकडीचे आहे ते मुंबईच्याच 'यंग इंडिया' या लेबलवरून कळते. १९३५ ते १९५५ या काळात या कंपनीने हजारो ध्वनिमुद्रणे काढली. गाणारे पुष्कळसे नवखे होते. कंपनी बंद पडली आणि तबकड्या विखुरल्या. पुढे संग्राहकांकडील काहीशे तबकड्यांचे अंकीकरण झाले. लाखेची तबकडी ठिसूळ असते. शेवटची प्रत फुटली की त्या गायकाचा आवाज कायमचा जातो.

१९८२ मध्ये सीडी आली, तरी तत्त्व तेच राहिले. तिच्या चकचकीत बाजूला, मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात साच्याचा क्रमांक असतो. १९९४ पासून तेथे कारखाना ओळखण्याचा संकेतही देऊ लागले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यातील घरांच्या माळ्यांवर अशा सीडी पडून असतील. विद्यार्थ्यांना त्या आणायला सांगावे. तिरप्या प्रकाशात धरून आतील क्रमांक वाचावा. वहीत तीन रकाने आखावेत: लेबलवरील क्रमांक, आतील क्रमांक, उत्पादनाचे ठिकाण. तिन्ही जुळेपर्यंत दोन सीडी एकच आहेत असे मानू नये. कोणाकडे लाखेची तबकडी निघालीच, तर ती भंगारात जाण्यापूर्वी तिचे दोन्ही क्रमांक जरूर टिपून ठेवावेत. कदाचित ती शेवटचीच प्रत असेल.