वह्या तपासणारांचा इतिहास

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत आज विद्यार्थ्यास आपल्या मुख्य विषयाच्या जोडीला लेखन, वक्तृत्वशास्त्र आणि तांत्रिक लेखन हा दुय्यम विषय घेता येतो. रसायन शिकणारा अहवाल लिहावयास शिकतो. यंत्रे शिकणारी मुलगी यंत्राची माहितीपुस्तिका ते चालविणाऱ्यास समजेल अशी कशी लिहावी, हे शिकते. हा विषय येथवर कसा पोचला हे विद्वान लोक सिद्धान्तांच्या अंगाने सांगतात. आम्ही आयुष्यभर मागणीपत्रके लिहीत आलो, तेव्हा आमची नजर प्रथम जाते ती काम कोणी केले आणि दाम काय मिळाले, इकडे.

आरंभी हे मोठ्या मानाचे आसन होते. बोस्टनचे व्यापारी निकोलस बॉयल्स्टन यांनी 1771 मध्ये मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशातून हार्वर्ड येथे वक्तृत्वाचे अध्यासन निघाले. 1806 मध्ये त्यावर पहिले बसले ते जॉन क्विन्सी ॲडम्स, म्हणजे 1825 चे राष्ट्राध्यक्ष. पुढे भाषण मागे पडून लेखी निबंध आला. आणि निबंध आला की तो तपासणे आलेच. 1851 पासून त्याच अध्यासनावर असलेले फ्रान्सिस चाइल्ड हे जुन्या लोकगीतांचे थोर अभ्यासक. पण पंचवीस वर्षे पोरांचे निबंध तपासून ते विटले. 1876 मध्ये जॉन्स हॉपकिन्स या नव्या विद्यापीठाचे बोलावणे येताच हार्वर्डने त्यांना त्या कामातून सोडविले आणि इंग्रजीचे प्राध्यापक केले. आमच्या मते या इतिहासातील खरा सांधा तो हाच. वाङ्मय शिकविणारा वर चढला, वह्या तपासणारा खाली राहिला.

वह्या मात्र वाढतच होत्या. 1874 पासून हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत निबंध आला. 1879 मध्ये 316 उमेदवारांपैकी 157 इंग्रजीत नापास! मग 1885 पासून पहिल्या वर्षास लेखनाचा सक्तीचा वर्ग आला, व इतरांनी तोच कित्ता गिरविला. मिशिगनच्या फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी एका वर्षात तीन हजारांवर निबंध वाचल्याचे लिहून ठेवले आहे. त्यांतले बहुतेक 216 मुलांच्या एका वर्गाचे. एका माणसाने किती माग सांभाळावे, या तंट्यात उमेदवारी केलेल्या आम्हांस हा हिशेब नवा नाही. याच स्कॉटनी 1903 मध्ये वक्तृत्वशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभारला. त्यांच्या निवृत्तीनंतर तो पुन्हा इंग्रजीच्या पोटात गेला. सद्यःस्थितीत लेखन नीट शिकविणे शक्य आहे काय, असा प्रश्न कॅन्ससच्या एडविन हॉपकिन्स यांनी 1912 मध्ये लेखाच्या मथळ्यातच विचारला होता. उत्तराचा पहिलाच शब्द नकाराचा.

तांत्रिक लेखन आले ते इंजिनियरांच्या गरजेतून. टफ्ट्स कॉलेजच्या सॅम्युअल अर्ल यांचे त्यावरील पाठ्यपुस्तक 1911 चे; रेन्सेलर येथे पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला 1953 मध्ये. विषयाची पत वाढली. शिकविणाराची?

1986 मध्ये वायोमिंग येथे जमलेल्या लेखनशिक्षकांनी ठराव केला: पगाराची व कामाच्या अटींची किमान पातळी ठरवा, तक्रार ऐकण्याची रीत ठरवा, आणि जी संस्था ऐकणार नाही तिचा जाहीर निषेध करा. कलमे तीनच. इतके नेटके मागणीपत्रक आमच्या हातूनही क्वचितच उतरले आहे. 1987 मध्ये लेखनशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने तो ठराव मान्य केला, 1989 मध्ये तत्त्वांचे निवेदनही काढले. निषेधाचे कलम मात्र अमलात आले नाही. पहिल्या वर्षाचे लेखनवर्ग आजही पुष्कळ ठिकाणी मुदतीच्या नेमणुकीवरील शिक्षकच घेतात.