हिंगोली जिल्ह्याचा इतिहास आणि अर्थव्यवस्था

हिंगोली जिल्हा हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्याची अर्थव्यवस्था मुख्यतः शेतीवर अवलंबून आहे.

== इतिहास ==

औंढा येथील नागनाथाचे हेमाडपंती मंदिर यादवकालीन मानले जाते. परंपरेनुसार ते बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचा या क्षेत्राशी संबंध सांगितला जातो. नर्सी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या रचना गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने शीख भाविकही नर्सीला येतात.

निजामाच्या राजवटीत हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे एक ठाणे होते. फौजेचे अधिकारी इंग्रज असत, तर खर्चाचा भार निजामावर असे. हा खर्च थकल्याने १८५३ च्या तहानुसार वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगेच्या परिसरातील हिंगोली सीमेवरची छावणी ठरली. शहरातील पलटण, रिसाला, तोफखाना व पेन्शनपुरा या वस्त्यांची नावे त्या काळाची आहेत. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली व छावणीचे महत्त्व संपले. त्यानंतर गावाची ओळख कापसाची बाजारपेठ म्हणून टिकून राहिली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. राज्यपुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

== अर्थव्यवस्था ==

=== शेती ===

ज्वारी, कापूस आणि तूर ही येथील जुनी पिके. गेल्या काही दशकांत खरिपात सोयाबीनचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढले असून रब्बीत हरभरा व गहू घेतले जातात. वसमत आणि कळमनुरी तालुक्यांच्या बागायती भागात ऊस व केळीची लागवड होते. वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे.

=== हळद ===

हळद हे जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक आहे. लागवड मे-जूनमध्ये होते आणि काढणीला आठ ते नऊ महिने लागतात. काढलेली हळद शिजवून उन्हात वाळवतात व पॉलिश करून विक्रीस नेतात. ओल्या हळदीपासून वजनाच्या साधारण एक पंचमांश वाळलेला माल मिळतो. त्यामुळे बेणे, मजुरी आणि इंधनावर शेतकऱ्याला विक्रीच्या बऱ्याच आधी मोठा खर्च करावा लागतो आणि भाव पडल्यास तोटाही मोठा होतो.

हिंगोली आणि वसमत या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा असून शेजारच्या जिल्ह्यांतूनही तेथे आवक होते. मात्र बराचसा माल हळकुंडाच्या रूपातच बाहेर जातो व प्रक्रियेतून मिळणारे उत्पन्न अन्यत्र राहते. ही त्रुटी कमी करण्यासाठी वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन करण्यात आले. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले.

=== सिंचन ===

पूर्णा, पैनगंगा आणि कयाधू या प्रमुख नद्या आहेत. पूर्णेवर औंढा तालुक्यात सिद्धेश्वर धरण, तर पैनगंगेवर यवतमाळच्या सीमेवर इसापूर धरण आहे. इसापूरच्या पाण्याचा लाभ नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांनाही होतो. सेनगाव, हिंगोली व औंढा तालुक्यांतील उंचवट्याची जमीन मुख्यतः पावसावर अवलंबून राहिल्याने सिंचनाचा अनुशेष हा जिल्ह्यातील कायमचा राजकीय प्रश्न आहे.

=== उद्योग व दळणवळण ===

मोठे उद्योग फारसे नाहीत. जिनिंग, डाळमिल, साखर आणि हळद प्रक्रिया हे प्रमुख व्यवसाय आहेत. हंगामी कामासाठी मजुरांचे स्थलांतर होते. केंद्र शासनाच्या मागास क्षेत्र अनुदान निधी योजनेत महाराष्ट्रातील १२ जिल्ह्यांमध्ये हिंगोलीचा समावेश होता. अकोला–पूर्णा लोहमार्ग हिंगोलीतून जातो. २००८ मध्ये त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्यावर शहर देशाच्या मुख्य रेल्वेजाळ्याशी थेट जोडले गेले.

=== लायगो-इंडिया ===

औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यात येत आहे. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या, परस्परांना काटकोनात असलेल्या दोन भुजा ही तिची मुख्य रचना होय. भूकंपीय हालचाल व मानवी वर्दळ कमी असणे हे जागेच्या निवडीमागील महत्त्वाचे निकष होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. मोठ्या उद्योगांचा अभाव ही आजवर जिल्ह्याची उणीव मानली गेली. वेधशाळेच्या दृष्टीने येथील शांतता अनुकूल ठरली.