स्वयंबंधक ब्रॅकेट

स्वयंबंधक ब्रॅकेट (सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट) हा वेड्यावाकड्या दातांच्या उपचारात वापरला जाणारा ब्रॅकेटचा एक प्रकार होय. साध्या ब्रॅकेटच्या खाचेत बसवलेली तार रबरी कड्याने किंवा बारीक तारेने बांधावी लागते. स्वयंबंधक ब्रॅकेटला त्यासाठी स्वतःचेच सरकते झाकण अथवा क्लिप असते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जेकब स्टोल्झनबर्ग यांचे ‘रसेल’ उपकरण १९३५ सालचे. मात्र अशा ब्रॅकेटांचा प्रसार विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला.

वळलेल्या दातावरील कार्य

दात स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती फिरलेला असल्यास त्याची एक कड पुढे आणि दुसरी आत गेलेली असते. निकेल-टायटॅनियमची तार अशा दातावरील खाचेत बसवताना वाकते व मूळ आकाराकडे परतू पाहते. पुढे आलेल्या बाजूस ती खाचेच्या तळावर दाब देते, तर आत गेलेल्या बाजूस झाकणाला बाहेर रेटते. या बलयुग्मामुळे दात हळूहळू फिरतो. रबरी कडे तोंडात काही आठवड्यांत सैल पडते. झाकण तसे पडत नाही, हा येथील खरा फायदा.

झाकण दोन प्रकारचे असते. सक्रिय प्रकारातील लवचीक क्लिप पुरेशा जाड तारेवर सतत दाब देते. निष्क्रिय प्रकारात झाकण केवळ खाच बंद करते. त्यात बारीक गोल तार सैल राहते आणि शेवटचे काही अंश वळण तसेच उरते. ते काढण्यासाठी ०.०२५ इंच रुंदीची आयताकृती तार वापरतात. ब्रॅकेट अरुंद असल्यास बलयुग्माची भुजाही आखूड होते, त्यामुळे नियंत्रण घटते. दात फारच वळलेला असेल तर झाकण लागतच नाही. अशा वेळी दाताच्या आतील बाजूस बटण चिकटवून रबरी साखळीने तो आधी थोडा फिरवतात. समोरच्या दातासाठी मुळात जागाही करावी लागते, कारण वळलेला पटाशीचा दात सरळ दातापेक्षा कमी जागा व्यापतो.

मर्यादा

या ब्रॅकेटांमुळे उपचार लवकर संपतो, असा प्रचार झाला. तुलनात्मक अभ्यासांच्या आढाव्यांत त्याला ठोस आधार मिळालेला नाही. फिरवलेला दात परत वळण्याची प्रवृत्तीही ब्रॅकेट बदलून जात नाही. हिरडीतील ताणलेले तंतू पूर्ववत जुळून येण्यास बरेच महिने लागतात. म्हणून दात थोडा अधिक फिरवणे, दातांमागे कायमची तार चिकटवणे किंवा ते तंतू शस्त्रक्रियेने छेदणे, असे उपाय योजले जातात.