उलटी मनीऑर्डर

महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन मेरेवरून येताना दिसला की आमच्या वाडीतल्या बायका हात पुसत खळ्यात येऊन उभ्या राहायच्या. मालवण तालुक्यात आचऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. घरचं भात सहा-सात महिने पुरायचं, पुढचे महिने मुंबईच्या पैशावर. मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली 1850 च्या दशकात आणि आपल्या देशात मनीऑर्डर सुरू झाली 1880 साली. कोकणातली घरं या दोघींच्या आधारानं तगली. आमचं घर काकांच्या गिरणीवर होतं.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा. पैसे मोजून दिले की पोस्टमन तो फाडून द्यायचा. त्यावर काका दरवेळी तेच लिहायचे, ‘पैसे पाठवले आहेत. प्रकृतीस जपणे.’ वीस रुपयांना एक रुपया कमिशन. शंभर पाठवायला पाच रुपये वेगळे मोजावे लागत. आये ते तुकडे खिळ्याला टोचून ठेवायची. वाचता येत नव्हतं तिला, पण कुठला तुकडा कुठल्या महिन्याचा ते बरोबर सांगायची.

बचत हा शब्द मी हायस्कुलात शिकलो. आमच्या शाळेत संचयिका होती, पोरांची बँकच म्हणा ना. चार आणे, आठ आणे भरायचे आणि पासबुकावर सही घ्यायची. 15 सप्टेंबरला संचयिका दिन व्हायचा, गुरुजी थेंबे थेंबे तळे साचे सांगायचे. न खर्चलेला पैसा म्हणजे बचत, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

1981 च्या 1 मे रोजी रत्नागिरीतून फुटून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्याच जूनमध्ये बारावी होऊन मी एसटीनं मुंबईला निघालो. ट्रंकेत कपडे थोडे आणि बाकी उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलां, सुके बांगडे. आये म्हणाली, “खानावळीत दोन टायम जेवलंस तर काकाच्या पगाराक भोक पडतला. रातची पेज खोलीतच कर.”

ही खोली म्हणजे गावकऱ्यांची, लालबागच्या चाळीतली. आमच्या गावचे चौदाजण तिथं राहायचे, भाडं सगळ्यांत वाटून. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. रातपाळीवाले सकाळी येऊन झोपत, तेव्हा दिवसपाळीवाले गिरणीत. त्यामुळे एवढीशी खोली सगळ्यांना पुरायची. मी अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली करायचो. तिथं माझ्यासारखे आणखी दोघे-तिघे असत.

कॉलेज फोर्टमधलं सिद्धार्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते 1946 साली काढलं. नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग असत. सकाळी शिकायचं आणि दुपारनंतर कमवायचं, ही सोय नसती तर गिरणगावातली कितीतरी पोरं पदवीच्या वाटेला गेलीच नसती. मीही दुपारी लालबागेतल्या एका कापडदुकानात बिलं लिहायला लागलो.

काकांनी पहिल्याच दिवशी मला एक वही आणून दिली. “पैसो खंय गेलो तां कळाक व्हया,” एवढंच बोलले. त्या वहीत मी रोज रात्री लिहायचो. रेल्वेचा सवलतीचा पास. व्हीटीपासून कॉलेजपर्यंत चालत, बसचे पैसे वाचले. फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं, वर्ष संपल्यावर तिथंच परत विकायची. चहा दिवसाला एकच. सहा महिन्यांत पोस्टाच्या खात्यात 160 रुपये जमले. पासबुक मी उशीखाली ठेवून झोपायचो. आपण आपल्या हिमतीवर साठवले, याचा अभिमान होता.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते आणि जवळजवळ अडीच लाख कामगार संपावर गेले. सुरुवातीला खोलीत उत्साह होता. महिन्याभरात मिटेल, असंच सगळे धरून चालले होते. पण आता दोन्ही पाळ्यांची माणसं एकाच वेळी खोलीत असायची, तेव्हा कळलं की ही खोली किती लहान आहे. काहीजण गॅलरीत, काही जिन्यात झोपू लागले. पगार नाही, म्हणून गिरणगावात गिऱ्हाईक नाही. दुकानदारानं फेब्रुवारीत माझा हिशोब चुकता केला आणि “संप मिटला की ये,” म्हणाला.

काका ज्या खानावळीत जेवायचे ती चालवणारी मावशी घाटावरची. गिरणगावात अशा शेकडो बाया कामगारांना जेवू घालून संसार ओढायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. ही मावशीही वाण्याकडून उधारीवर धान्य घ्यायची आणि पगार झाले की फेडायची. आता पगारच बंद. तरी तिनं काकांचं ताट थांबवलं नाही.

माझे 160 रुपये खोलीच्या दोघांच्या भाड्यात आणि तांदळात बघता बघता गेले. शिमग्याला काका गावी गेले, ट्रंक घेऊनच. खोलीतली निम्मी माणसं तशीच गेली. इकडे वार्षिक परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत आलेली, आणि हातात होते ते फीला पुरणारे नव्हते. मी घरी काहीच कळवलं नाही. कळवून करणार काय? तिकडे पोस्टमन दोन महिने आमच्या खळ्यात थांबला नव्हता.

आणि एका दुपारी लालबागच्या त्या खोलीत माझ्या नावाची मनीऑर्डर आली. पन्नास रुपये. पोस्टमन फॉर्म उलटून पालटून बघत होता. या चाळीतून गावाला पैसे जायचे, गावाहून यायचे नाहीत. खालच्या तुकड्यावर माझ्या बहिणीचं अक्षर : ‘नारळ उतरवून विकले. आये म्हणते फॉर्म भर.’

ते नारळ पावसाळ्यातल्या मिठा-तेलासाठी राखलेले असायचे, मला ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. रात्री वही उघडली आणि जमेला 50 लिहिले. मग लक्षात आलं, आयेनं पोस्टात साडेबावन्न मोजले असणार. ते अडीच रुपये मला मिळाले नव्हते, मी खर्चले नव्हते, वाचवलेही नव्हते. कुठल्या बाजूला लिहू ते कळेना. मग मागची पानं चाळली. मावशीनं न मागितलेले पैसे, खोलीतल्या गावकऱ्यांनी माझ्याकडून न घेतलेलं माझ्या वाट्याचं रॉकेल, ट्रंकेतून आलेले तांदूळ, यातलं काहीच त्या वहीत नव्हतं. माझे 160 रुपये त्यांच्यामुळे साठले होते.

पास झालो. काका गिरणीत परत गेले नाहीत. पदवीनंतर नोकरी लागली तेव्हा पहिल्या तीन पगारांतून मी मावशीची उधारी फेडली. तिची खानावळ तोवर निम्म्यावर आली होती. म्हणाली, “तुझ्या काकानं पंधरा वर्षं कधी तारीख चुकवली नाही. मला ठाऊक होतं.”

2015 मध्ये टपाल खात्यानं ती जुनी मनीऑर्डर बंद केली. आता माझा पुतण्या शिकायला मुंबईत असतो आणि त्याला फोनवरून पैसे पाठवले की क्षणात पोचतात, कमिशन नाही. तोही खर्च फोनमध्येच लिहून ठेवतो म्हणे. परवा घर शाकारताना खिळ्याला टोचलेले ते तुकडे सापडले. सगळे काकांच्या अक्षरातले. पन्नास रुपयांचा तुकडा त्यात असणार नाही, तो माझ्याकडे आहे, वहीत. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं लिहिलंय : आये, 2 रुपये 50 पैसे, बाकी.